सटवाजीची डावी पापणी

साखऱ्याच्या सटवाजीनं जन्मभर दोन कामं केली. एक कोरडवाहू शेती. तिच्यात पिकणार की नाही हे आभाळ ठरवायचं आणि सटवाजी नुसता वर बघायचा. दुसरं काम सोयरिकी जमवण्याचं. त्यात मात्र सगळं आपणच ठरवतो, असा त्याचा समज होता. "रानात माझं कुणी ऐकत न्हाई, म्हणून लोकाच्या घरी जाऊन बोलतो," असं तो स्वतःच सांगायचा. मोबदला काय, तर लग्नात एक पटका आणि पंगतीत मानाची जागा. पटक्यांनी घरातली पेटी भरली तोवर डोक्यावरचे केस संपले होते. "देवानं डोकं एकच दिलं अन् पटके पन्नास," असं त्याची बायको द्वारकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

सेनगावापासून औंढ्यापर्यंत आणि पार वसमतपर्यंत कुणाला मुलगी बघायला जायचं असलं की सटवाजी बरोबर हवाच. त्याला वाटायचं आपल्या जिभेमुळं. खरं कारण होतं त्याची डावी पापणी. मुलीच्या घरात बसून, तिच्या आईबापासमोर मुलीत खोट काढणं म्हणजे त्यांच्या दाराचा अपमान. पण खोट असूनही मुलाच्या बापानं भरात येऊन सुपारी फोडून टाकली, तर पुढं जन्मभराची कटकट. म्हणून सटवाजीनं तरुणपणीच एक खूण ठरवून ठेवली होती. सगळं ठीक असलं तर तो नुसता बोलत राहायचा. काही खटकलं तर डावी पापणी हळूच खाली सोडायची, एक दम धरायचा आणि वर घ्यायची. मुलाचा बाप समजून जायचा आणि "घरी विचारून कळवतो" म्हणत उठायचा. ही खूण अगदी गुप्त होती. म्हणजे तीस गावांत ती सगळ्यांना ठाऊक होती आणि ठाऊक असल्याचं कुणी दाखवत नव्हतं.

जर्मन-जपानची मोठी लढाई संपली त्या सालच्या हिवाळ्यात सटवाजीचं शरीर त्याच्यावर रुसायला लागलं. आधी जबडा रुसला. एका लग्नाच्या पंगतीत पहिले चार-पाच घास झकास गेले. मग जबडा जड व्हायला लागला आणि शेवटी हनुवटीखाली हात देऊन तोंड मिटायची वेळ आली. शेजारच्याला वाटलं, सटवाजी कसल्या तरी विचारात पडलाय. सटवाजीनं मनाशी निकाल लावून टाकला की एवढी वर्षं दुसऱ्याच्या पंगतीत जेवलो, जबड्यानं तरी किती सोसायचं.

मग आवाज बिघडला. सकाळी बैल हाकताना शिवेपर्यंत ऐकू जाणारा माणूस दिवेलागणीला सर्दी झालेल्या लेकरासारखा नाकात बोलायला लागला. "मला वेडावून दाखवून राहिले का?" द्वारकाबाईनं चुलीपुढून विचारलं. तो नाही म्हणाला, पण तेही नाकातच आलं, त्यामुळं तिला पटलं नाही.

त्यानंतर एकाचे दोन दिसायला लागले. दावणीला बैल दोन, पण रानातून घरी येईस्तोवर त्याला चार दिसायचे. "गरिबी आपल्याकडं फक्त सकाळची असती," तो बायकोला म्हणाला. एकदा पाण्याचा तांब्या समजून त्यानं तांब्याच्या शेजारच्या हवेला हात घातला. बाई हसली, तोही हसला. चढ चढताना पाय भरून यायचे, पटका बांधताना हात वर ठरत नव्हते. पण रात्रीची झोप झाली की सकाळी सगळं जागच्या जागी. म्हणून हा आजार असेल असं त्याच्या टाळक्यात शिरलंच नाही. आजार म्हणजे माणूस अंथरुणाला खिळतो. सकाळी धडधाकट आणि संध्याकाळी गळपटलेला, याला त्याच्या घरात आळस म्हणत, आणि आळस त्यांच्या घराण्यात चांगला तीन पिढ्यांचा होता.

अशात वसमतच्या व्यंकटरावांचा निरोप आला. हळदीचं मोठं रान, पाण्याची विहीर, एकुलता मुलगा. त्याच्यासाठी सटवाजीनं औंढ्याच्या अलीकडच्या माणिकरावाची थोरली लेक मनकर्णा सुचवली होती. माणिकराव बेताचा शेतकरी, पण घर सरळ. अशी सोयरीक जमली असती तर धाकट्या दोघींचीही वाट सोपी होणार होती. सटवाजीला मुलगी मनापासून पसंत होती. इतक्या वर्षांत इतक्या निवांत मनानं तो कुठल्या बैठकीला गेला नव्हता.

पहाटे व्यंकटरावांबरोबर वसमत सोडलेलं, दिवसभर गाडीत हिसके खाल्लेले आणि रस्ताभर व्यंकटरावांशी बडबड. माणिकरावाच्या ओसरीवर बसले तेव्हा उन्हं उतरली होती. गूळपाणी झालं. मनकर्णा पाटावर येऊन बसली. नाव विचारलं, चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला दिला. तिनं एका झटक्यात ओवला. सटवाजी तिचं कौतुक करत सुटला. आवाज नाकात चालला होता, पण त्याला वाटलं, कौतुक कुठूनही आलं तरी गोडच लागतं. आणि बोलता बोलता त्याची डावी पापणी खाली आली.

त्याला स्वतःला ते कळलंही नाही. त्याला एवढंच कळलं की व्यंकटराव उठले, उपरणं झटकलं आणि "घरी विचारून कळवतो" म्हणाले.

"बरं झालं वेळेवर सांगितलंत," गाडीत बसल्यावर व्यंकटराव म्हणाले. "काय दिसलं तुमाला?"

"मी काय सांगितलं?"

"राहू द्या. मी न्हाई विचारत."

सटवाजीनं शपथा घेतल्या, नागनाथाची आण घेतली. व्यंकटराव नुसते हसत राहिले. मध्यस्थ नाही म्हणतो म्हणजे प्रकरण फारच वाईट असणार, अशी त्यांची समजूत. आठ दिवसांत ही बातमी सगळ्या बाजारांत फिरली. सटवाजीनं पापणी पाडली, पण कारण सांगत नाही, म्हणजे सांगण्यासारखं नाही. कुणी म्हणालं पोरीला फिट येते, कुणी म्हणालं पदराखाली पांढरा डाग आहे. सटवाजी नाही म्हणत जाईल तसतसा तो डाग वाढत गेला. मनकर्णाला आणखी दोन ठिकाणांहून विचारणा झाली होती, ते लोक आलेच नाहीत. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही शेंदूर दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडाला फासून.

महिनाभरानं एका दुपारी मनकर्णाची आई पार्वतीबाई लेकीला घेऊन साखऱ्याला आली. पाणी घेतलं नाही, अंगणातच बसली.

"दादा, भांडायला न्हाई आले," ती म्हणाली. "माझ्या लेकीत काय खोट दिसली तेवढं सांगा. मी जलम दिला तिला, अन् मला दिसंना. चार दिवस झाले, पोरगी आरशात बघती अन् मलाच विचारती."

सटवाजीला आयुष्यात पहिल्यांदा लाज म्हणजे काय ते कळलं. थट्टा सुचली नाही. त्यानं सांगायला सुरुवात केली. काही खोट नव्हती, मी खूण केली नाही, केली असेल तर हात झडो. सांगत राहिला, पुन्हा पुन्हा तेच. पार्वतीबाई जमिनीकडं बघत होती. मनकर्णा मात्र त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"आई, बघ," ती एकदम म्हणाली. "आतापण पडून राहिली."

"काय?"

"त्यांची पापणी. इथं कुणाला खूण करायची हाय? अन् त्या दिशीपण अशीच पडली व्हती. मी पाहिलं." मान वर करून बघायचं नसतं हे तिला आठवलं असावं, कारण ती जरा थांबली. मग पुढं बोलली, "खूण करणाऱ्याची पापणी खाली जाती अन् वर येती. यांची गेली ती वर आलीच न्हाई. अन् आवाज बघा. आमी आलो तवा असा व्हता का?"

द्वारकाबाईनं आतून आरसा आणला. सटवाजीनं पाहिलं. डावा डोळा अर्धा झाकलेला, झोपाळू म्हाताऱ्यासारखा, आणि त्याला हुकूम केला तरी उघडत नव्हता. आपल्या पापणीवर आयुष्यभर लोकांनी विश्वास ठेवला आणि ती आता आपलंच ऐकत नाही, हे बघून त्याला हसू आलं. पण ओठही पुरते वर गेले नाहीत.

हिंगोलीला डॉक्टर बद्रुद्दीन होते. हैदराबादेत शिकून आलेले, मितभाषी, पण रोग्याचं सगळं ऐकून घेणारे. सटवाजी निघाला तो शहाण्यासारखा गाडीत कडबा टाकून, त्यावर ताणून झोपून. सकाळी दवाखान्यात उभा राहिला तेव्हा ताज्या काकडीसारखा होता. पापणी वर, आवाज खणखणीत, जबडा तयार. डॉक्टरांनी नाडी, जीभ, डोळे पाहिले आणि काही नाही म्हणाले. सटवाजीनं पापणीची सगळी कथा सांगितली तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. सोयरिकीचं भांडण मिटवायला हा माणूस खोटी चिठ्ठी मागायला आलाय, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

परतायचं कुठं आणि कुठल्या तोंडानं? सटवाजी दवाखान्याच्या ओट्यावर बसला आणि सवयीप्रमाणं शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला लागला. त्या माणसाच्या पुतण्याला मुलगी हवी होती. दुपारपर्यंत त्यानं तीन मुली सुचवल्या. आत खिडकीपाशी बसलेल्या डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली.

"हा सकाळचाच माणूस?" त्यांनी विचारलं. "आवाज नाकात काहून गेला? बुलाओ उसको."

मग त्यांनी एकेक विचारलं. घास अडतो का? शेवटचे घास की पहिले? एकाचे दोन दिसतात का? शामला जास्त, सुबह कमी? पाणी नाकातून येतं का? हात वर धरले तर दुखतात का नुसते गळतात? सटवाजीनं सगळ्याला व्हय म्हटलं, दोनाच्या चार बैलांचंही सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "वर आढ्याकडं नजर लावा अन् शंभरापर्यंत मोजा."

"साहेब, मोजणं आपल्याला वीसच्या पुढं जमत न्हाई."

"मग काय येतं पाठ?"

"मी जमवलेली जोडपी येतात."

"वही बोला. पापणी मिटायची न्हाई."

सटवाजी आढ्याकडं बघत जोडपी म्हणायला लागला. पहिली दहा-बारा दणदणीत झाली. विसाव्या नवऱ्याच्या नावाशी आवाज घोगरला, तिसाव्या नवरीला तो नाकात शिरला आणि चाळिशीच्या आत डावी पापणी बुबुळावर येऊन बसली. उजवीही कलायला लागली. डॉक्टरांनी त्याला निजवलं, डोळ्यांवर माठातल्या पाण्याचं ओलं फडकं ठेवलं आणि गप्प पडून राहायला सांगितलं. हे शेवटचं सटवाजीला सगळ्यात जड गेलं. थोड्या वेळानं फडकं काढलं तर पापणी बरीच वर आलेली.

"ये बीमारी है," डॉक्टर म्हणाले. "आळस न्हाई. डोक्यातून हुकूम निघतो, नसेतून बराबर जातो, पण स्नायूच्या दाराशी त्याला कुणी घेत न्हाई. पहिले चार घेतात, मग दार लावून घेतात. विसावा दिला की परत उघडतं. असं काहून होतं ते विलायतेतल्या डॉक्टरांनाबी अजून पुरतं उमगलं न्हाई. पण एक सुई निघाली हाय. हैदराबादहून मागवतो."

"म्हंजे हसण्यावारी न्यायला नको व्हतं?"

"न्हाई. आणि आता ऐका. घास घशात अडकला, पडल्या पडल्या दम लागला, तर गाडी जुंपा अन् निघा. तेव्हा मजाक करत बसू नका."

सुई येईपर्यंत पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत सटवाजीपुढं एकच कोडं. चिठ्ठी दाखवून व्यंकटरावांची खात्री पटणार नव्हती. डोळ्यांदेखत दाखवायला हवं होतं. "अन् दाखवलंत तर?" द्वारकाबाईनं विचारलं. "पापणी आपोआप पडती म्हणल्यावर उद्यापासून तुमाला कोण नेणार? तुमची समदी पत त्या पापणीत हाय." तिचं बरोबर होतं. एकीकडं माणिकरावाची लेक, दुसरीकडं आपला उभ्या जन्माचा मान. रानात तर तसाही त्याचा मान नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही घरांना हिंगोलीच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात येण्याचा निरोप धाडला.

त्या दिवशी दवाखान्याच्या खिडक्यांत अर्धा बाजार लोटला. आत व्यंकटराव, माणिकराव, दोन्हीकडचे चार जाणते. सटवाजी खुर्चीवर बसला, आढ्याकडं बघितलं आणि जोडपी म्हणायला लागला. खिडकीतल्या लोकांना मजा वाटली. ज्यांची नावं आली ते ओरडून हजेरी देत होते. मग आवाज बदलला. पापणी उतरत गेली आणि बसली. सटवाजीनं ती वर करायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापणी हलली नाही. डॉक्टरांनी सुई टोचली. सगळे वाट बघत राहिले. पाव तास झाला असेल, पापणी हळूहळू वर आली आणि सटवाजी खणखणीत आवाजात म्हणाला, "व्यंकटराव, पोरगी सोन्यासारखी हाय." त्यापाठोपाठ त्याच्या पोटात मुरडा उठला, सुईचाच गुण तो, आणि त्याला तांब्या घेऊन मागच्या दारानं पळावं लागलं. उभ्या बाजारानं त्याला पळताना पाहिलं.

व्यंकटरावांनी माणिकरावाची दवाखान्यातच माफी मागितली. माणिकराव आठ दिवस ताठ राहिला, मग लेकीनंच हो म्हटल्यावर नमला. वैशाखातली तिथी ठरली.

सटवाजीच्या सोयरिकी मात्र त्या दिवशी संपल्या. हैदराबादहून पार्सलानं गोळ्या यायच्या, तो जेवणाआधी अर्धा तास एक घ्यायचा, पंगतीत नीट जेवायचा. पण मुलगी बघायला त्याला कुणी नेत नव्हतं. उलट जुनी माणसं घरी यायला लागली. आमच्या पोरीच्या वेळी तुमची पापणी पडली होती, तेही आजारानंच का? पहिला माणूस आला तेव्हा सटवाजी म्हणाला, "मग काय तर." ते दहा वर्षांपूर्वीचं होतं, तेव्हा आजाराचा पत्ता नव्हता, पण माणूस समाधानानं गेला. दुसऱ्यालाही तेच सांगितलं, तिसऱ्यालाही. आजाराला त्यानं सालगड्यासारखं राबवून घेतलं. इतक्या स्वस्तात कुणाचं पाप धुतलं गेलं नसेल, असं तो द्वारकाबाईला म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मनकर्णाच्या लग्नात तो पाहुणा म्हणून गेला. पटका मिळाला, तो मध्यस्थाचा नव्हता, वडीलधाऱ्याचा होता. दुपारची पंगत उठल्यावर मांडवाच्या कडेला एक म्हातारी त्याच्याजवळ येऊन बसली.

"मी चंदाबाई. जवळ्याची," ती म्हणाली. "माझी लेक सेवा आठवती का? तुमी सेनगावचे पाहुणे आणले व्हते."

"आठवती."

"मोडलं व्हतं ते. मग कुठंच जमंना. सरतेशेवटी बिजवराला दिली, त्याची तीन लेकरं व्हती." ती सांगत होती ते तक्रार म्हणून नाही, नुसतं झालं तसं. "परवा लोक म्हनाले, सटवाजीला बीमारी व्हती. मला इतकं बरं वाटलं. आता पोरीकडं जाते अन् सांगते, बाई, तुझ्यात काय बी नव्हतं, त्या माणसाचा डोळाच दुखणाईत व्हता. सांगू ना?"

सटवाजीच्या जिभेवर नेहमीचं उत्तर तयार होतं. गोळी घेतलेली होती, जबडा, आवाज, डोळे, सगळं त्याच्या हुकुमात होतं. मांडवात बायका मनकर्णाची ओटी भरत होत्या. तिची आई त्याच्या अंगणात बसून काय विचारत होती ते त्याला आठवलं, आणि चंदाबाईची लेकही अशीच किती वर्षं आरशात बघत राहिली असेल ते कुणी सांगायची गरज पडली नाही.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "तवा डोळा चांगला व्हता. पापणी मीच पाडली."

चंदाबाईनं त्याच्या डाव्या डोळ्याकडं बघितलं.

"काहून?"

"सुईत दोरा ओवताना एकदा चुकला, अन् ती हसली. मोठ्यानं. मला वाटलं, त्या घरात हसणारी पोर चालायची न्हाई."

चंदाबाईनं गुडघ्यावर हात टेकले, उठली, पदर नीट घेतला.

"आता न्हाई हसत ती," ती म्हणाली आणि बायकांच्या गर्दीत निघून गेली.